हायरम टोलमनची आई

फ्रिस्को, टेक्सस, १२ जानेवारी २०२५

हाय ताई,

फोन करू नकोस, ईमेलच कर. दीपाचे आईबाबा पुण्याहून आलेत, जूनपर्यंत इथेच आहेत, आणि घर कितीही मोठं घेतलं तरी सासऱ्यांचे कान सगळ्या खोल्यांत पोचतात.

बातमी अशी की मी इलेक्शनला उभा राहतोय. स्कूल बोर्ड. मेच्या पहिल्या शनिवारी मतदान. हसून घे एकदाचं. इथल्या शाळांत वर्गावर्गात आपली मुलं आहेत आणि बोर्डावर त्यांच्या बाजूने बोलायला कोणी नाही, म्हणून मराठी मंडळातल्या लोकांनी मला पुढे केलं. आधी नाही म्हणालो, मग हो म्हणालो.

तुझ्याकडे काम आहे. तुमचं म्युझियम ज्याच्या बंगल्यात आहे तो टोलमन. तुझ्या पोस्टमध्ये वाचलं की अनाथ पोरगा, शून्यातून वर आला, काँग्रेसमध्ये गेला, शाळांचा कायदा केला. मला भाषणासाठी अस्साच माणूस हवाय. गोऱ्या लोकांना त्यांच्यातलाच एखादा जुना माणूस काढून दाखवला की ते लगेच माना डोलावतात. त्याचं आयुष्य थोडक्यात लिहून पाठव. टोमणे वगळून.

आईचा गुडघा कसा आहे?

प्रितम

*

ईडन प्रेरी, मिनेसोटा, १९ जानेवारी

प्रितम, जय भीम.

तुझ्या पत्रात जय भीम सापडला नाही, म्हणून वरचा दोघांचा मिळून समज.

उभा राहतोयस, छान. बाबा असते तर अख्ख्या इंदोरा वस्तीत पेढे वाटत फिरले असते, धर्मराज मेश्रामांचा मुलगा अमेरिकेत इलेक्शन लढतोय म्हणून. तुझ्या बॅनरवर मात्र 'प्रितम धर्मराज' एवढंच दिसलं. व्हिसाच्या वेळी मेश्राम गळालं ते गळालंच. असो. टोमणे वगळायचे ठरलंय.

तर हायरम टोलमन. मी हे रोज शाळेच्या पोरांना सांगते, तोंडपाठ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची गोष्ट. विशीतला एक पोरगा बोटीने मिसिसिपीवरून वर आला आणि सेंट पॉलला उतरला. मी ओहायोचा, आईबाप कॉलऱ्याने गेले, असं सांगितलं. दिसायला देखणा, बोलायला पक्का. एका वकिलाकडे झाडू मारता मारता स्वतःच वकील झाला. जमिनी घेतल्या. त्या ज्यांच्या होत्या त्या डकोटा लोकांना कोणी विचारलं नाही, पण ते तुला भाषणात नकोच असणार. राज्याच्या विधिमंडळात गेला, तिथून वॉशिंग्टनला. दर गावात शाळा हवी आणि ती फुकट हवी, हे त्याने रेटून नेलं. त्याचं पालुपद एकच असायचं: मला बोट धरायला कोणी नव्हतं, म्हणून प्रत्येक पोराचं बोट राज्याने धरावं. ऐकून बाया रडायच्या. एकदाही पडला नाही.

आता टूरच्या शेवटी मी जे सांगते ते ऐक. टोलमन अनाथ नव्हता, ओहायोचाही नव्हता. केंटकीतल्या एका मळ्यावर जन्मला. बाप मळ्याचा मालक, आई हेस्टर तिथलीच गुलाम, मालकाचे कपडे धुणारी. हा गोरा निपजला म्हणून निसटला. पुढे गुलामीवरचं युद्ध संपलं, हेस्टर सुटली आणि मुलगा कुठे आहे ते हुडकत थेट त्याच्या दारात येऊन उभी राहिली. त्याने हाकललं नाही तिला. आत घेतलं, स्वयंपाकीण म्हणून! मरेपर्यंत ती त्या घरात मुलाला वाढत राहिली. थडग्यावर लिहिलंय, 'विश्वासू नोकर'. काही वर्षांपूर्वी त्याच्या वंशजांनी हौसेने डीएनए टेस्ट केली तेव्हा हे बाहेर आलं. आता म्युझियमच्या पाटीवरच लिहिलेलं आहे.

आईला मी शनिवारी बरोबर नेते. ती त्या स्वयंपाकघरात बाकावर बसून राहते आणि निघताना म्हणते, भांडी मात्र चांगली होती बाईची.

गुडघा दुखतो. तू घर घेतल्याला चार वर्षं झाली आणि तिने ते अजून फक्त फोनवर पाहिलंय. हा टोमणा नाही, माहिती आहे.

सोनल

*

फ्रिस्को, ३ फेब्रुवारी

ताई,

भाषण सॉलिड झालं यार. बोट धरण्याचं वाक्य आलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने डोळे पुसले. शेवटचा भाग अर्थात घेतला नाही, पण तो डोक्यातून जात नाहीये.

म्हणून विचारतो, आईला इकडे पाठवतेस? दीपाला ऑफिस, मला ऑफिस आणि वर दारोदार हिंडणं. आन्या शाळेतून येते तेव्हा घरात आपलं कोणीतरी हवं. सासूबाईंना इथला गॅससुद्धा लावता येत नाही. आणि आईच्या हातचं खाऊन किती वर्षं झाली मला. तिकीट काढलंय, बावीस तारखेचं. व्हीलचेअर सांगितली आहे. इलेक्शन होईपर्यंत राहू दे.

प्रितम

*

ईडन प्रेरी, ६ फेब्रुवारी

प्रितम, जय भीम.

तुझं पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, परत वाच. परत वाचलं. मग उठली आणि कपाटावरची बॅग ओढायला लागली. अगं, अजून वेळ आहे म्हटलं तर म्हणे, माहीत आहे मला, तुला काय त्याचं!

बॅगेत काय काय आहे ते ऐक. घरचं तिखट, कुरडया, आन्यासाठी विणलेला जाडजूड स्वेटर (टेक्ससमध्ये स्वेटर लागत नाही हे तिला पटत नाही), आणि साडीच्या घडीत बाबासाहेबांचा फोटो. तुझ्या हॉलमध्ये एकही फोटो नाही हे मी तिला सांगितलेलं नाही. ते तू बघ.

आणि एक सांगू? हेस्टरची गोष्ट मी तुला मुद्दाम लिहिली होती. मला माहीत होतं, तू वाचशील आणि तुला आई आठवेल. एवढी वर्षं लोक ती गोष्ट ऐकून डोळे पुसतात, गिफ्ट शॉपमधून टोलमनचा मग विकत घेतात आणि निघून जातात. ऐकून घरी जाऊन काही केलं असा तू पहिलाच. आज मला माझ्या नोकरीचं चीज झाल्यासारखं वाटलं.

तिला भांडी घासायला लावू नकोस. ती घासायला जाईलच, तू अडव.

सोनल

*

फ्रिस्को, २ मार्च

हाय ताई,

आई मजेत आहे. तिला खालची खोली दिली आहे, किचनला लागून, म्हणजे जिने चढायला नकोत. फोटो तिच्या खोलीतच ठेवलाय. तिला वेळ मिळेल तेव्हा तीच फोन करेल, तू करू नकोस.

सहज एक विचारतो. टोलमनला कोणी पकडलं नाही का? एका घरात मायलेक म्हणजे चेहरे मिळत असणारच. कोणी ना कोणी बोललं असेल. मग त्याने काय केलं?

प्रितम

*

ईडन प्रेरी, ५ मार्च

प्रितम, जय भीम.

तू स्वतःहून विचारलंस म्हणून फार बरं वाटलं.

बोलले ना लोक! १८६७ साली काळ्या माणसांना मताचा अधिकार द्यायचा की नाही यावर राज्यात मतदान होतं. आपले टोलमनसाहेब देऊ नका म्हणत गावोगाव हिंडत होते. तेव्हा एका संपादकाने छापलं की टोलमनच्या तोंडावर त्याच्या स्वयंपाकिणीचं तोंड दिसतं. दुसरा कोणी असता तर खटला भरला असता. ह्याने त्या संपादकालाच जेवायला बोलावलं, गावातली बडी मंडळीही बोलावली. हेस्टर सूप घेऊन आली. ह्याने एक चमचा तोंडात घातला आणि वाडगा उचलून तिच्या अंगावर फेकला. कढत सूप. वर सगळ्यांसमोर घाण घाण शिव्या. ती 'यस सर' म्हणाली आणि गुडघे टेकून फरशी पुसली. संपादकाने दुसऱ्या दिवशी माफी छापली, की कोणीही माणूस स्वतःच्या आईशी असं वागणं शक्य नाही, सबब आमचा संशय चुकीचा होता. तो अंक आमच्याकडे काचेत लावलाय. 

आईचा फोन आला होता, जेमतेम दोन मिनिटं. खुशीत वाटली. खूप काम असतं गं, म्हणाली आणि हसली. मागून कोणीतरी हाक मारली तशी तिने लगेच ठेवला.

तिला जयंतीला इकडे पाठव, चौदा एप्रिलला. हॉल बुक झालाय. दर वर्षी मी तिला स्टेजवर बोलावते, लोक वाट बघत असतात.

सोनल

*

फ्रिस्को, २० मार्च

ताई,

जयंतीला जमणार नाही. त्याच दिवशी आमच्याकडे फंडरेझर आहे, पन्नास-साठ लोक येतील. आई स्वतःच म्हणाली, मी राहते. वडाभात करणार आहे.

प्रितम

*

ईडन प्रेरी, १५ एप्रिल

प्रितम,

काल जयंतीच्या हॉलमधून बाहेर पडले आणि फोन बघितला. माझ्याबरोबर पूर्वी नोकरीला होती ती रुपाली, तिकडे फ्रिस्कोत राहते, तिला माझा भाऊ कोण हे ठाऊक नाही आणि आईला तिने कधी पाहिलेलं नाही. तिने एक फोटो पाठवला होता. फोटोत माझी आई. हातात ट्रे, साडीवरून अॅप्रन. खाली लिहिलंय: 'धर्मराजांकडच्या कांताबाई. काय वडाभात करतात! त्यांच्या जुन्या ओळखीची बाई आहे म्हणे, भारतातूनच आणली. आठवड्यातून दोन दिवस मला मिळेल का, विचारून ठेवलंय.'

मी तिला काही बोलले नाही, नुसतं विचारलं, पार्टी कशी झाली. तर म्हणाली, माणूस चांगला आहे गं, शिकलेला आहे, पण त्या म्हातारीवर काय ओरडला! कोणीतरी गमतीने म्हणालं, साहेब, तुमची आणि कांताबाईंची हनुवटी अगदी सेम आहे. सगळे हसले. आणि ह्याने हातातली कढीची वाटी तिच्या अंगावर मारली, अक्कल नाही का, मीठ किती घालायचं कळत नाही का म्हणून.

हे खरं आहे का? तू आईच्या अंगावर कढी फेकलीस? मला फोन कर. आत्ता कर. सासरा ऐकू दे नाहीतर अख्खं टेक्सस ऐकू दे.

सोनल

*

फ्रिस्को, १७ एप्रिल

ताई,

चौदा मिस्ड कॉल. ओरडून झालं असेल तर आता वाच.

कढी गरम नव्हती.

दीपाशी लग्न ठरलं तेव्हा तिच्या वडिलांनी विचारलं, आईवडील काय करतात. मी म्हणालो, कॉलेजात असतानाच दोघे गेले. काय सांगायचं होतं? आई सरकारी दवाखान्यात आया होती? मग कुठल्या वस्तीत राहायचात, आडनाव काय, झालं, संपलं. म्हणून तर लग्न इथे कोर्टात उरकलं आणि तुम्हाला नंतर कळवलं. दीपाला सगळं माहीत आहे, पहिल्या दिवसापासून, आणि तिनेच सांगितलं की बाबांना हे झेपणार नाही. मंडळातही आईवडील नाहीत असंच माहीत आहे. माझ्या पत्रकावर तेच छापलंय, अनाथ मुलगा, स्वतःच्या हिमतीवर. दोन आठवड्यांवर इलेक्शन असताना मेलेली आई जिवंत कशी करू? सांग तूच.

आणि आयडिया माझी नाही. मी तर आईला कधीच बोलावणार नव्हतो. ते मिटलेलंच होतं माझ्या मनात. तू टोलमनचं लिहिलंस आणि मी वाचता वाचता थांबलो. म्हटलं अरे, असं जमतं की! तुला त्याच्यात राक्षस दिसतो. मला दिसलं की त्याच्या आईला मुलगा मिळाला, त्याला सीट मिळाली आणि तो एकदाही पडला नाही. सूपचंही तूच लिहिलंस, मी विचारलं तर किती खूष होऊन लिहिलंस. हनुवटीचं कोणी बोललं तेव्हा माझ्याकडे विचार करायला एक सेकंद होता आणि मला तेवढंच आठवलं.

आईला मी एअरपोर्टच्या पार्किंगमध्येच सगळं सांगितलं होतं. रडली नाही. म्हणाली, त्यात काय, काम तर मी करणारच आहे. लोकांना जय भीम करू नकोस, नमस्कार म्हण, एवढं सांगताना मात्र मलाच कसंतरी झालं. तीही लगेच शिकली. आन्याला सांगितलंय की हा एक सीक्रेट गेम आहे.

आता तूच सांग, कोणाचं काय नुकसान झालं?

प्रितम

*

फ्रिस्को, ५ मे

ताई,

जिंकलो. चांगल्या मतांनी.

आणि घर माणसांनी भरलेलं, सगळे ढोल बडवतायत, अशा वेळी बेल वाजते आणि दारात तू! मिनेसोटाहून उठून आलीस. दार सासऱ्यांनी उघडलं. तू खणखणीत आवाजात म्हणालीस, मी कांता मेश्रामची मुलगी, माझ्या आईला न्यायला आलेय. खोटं कशाला बोलू, म्हटलं संपलं सगळं.

आई ट्रे घेऊन तिथेच उभी होती. तुझ्याकडे नीट बघितलं तिने. मग सासऱ्यांना म्हणाली, माझी मुलगी लहानपणीच वारली, साहेब. ह्या बाई कोण, मला माहीत नाही. आणि आत पोळ्या करायला गेली.

हे मी तिला शिकवलं नव्हतं. आईशप्पथ.

सासऱ्यांना तुझी दया आली. बिचारीचं डोकं फिरलेलं दिसतं म्हणाले, पाण्याची बाटली देऊन टॅक्सी बोलवायला लावली. तू टॅक्सीत बसून निघून गेलीस, हे तुझे उपकारच झाले. पुन्हा असं करू नकोस.

प्रितम

*

ईडन प्रेरी, ७ मे

प्रितम,

रविवारपर्यंत आईला विमानात बसव. नाहीतर तुझ्या सासऱ्यांना मी सगळं लिहून पाठवते. आईबाबांच्या लग्नाचा फोटो, तुझ्या लहानपणीचा दीक्षाभूमीवरचा फोटो, त्यात आईच्या मांडीवर तूच बसला आहेस. पत्ता माझ्याकडे आहे. तुझ्या बोर्डाचाही आहे.

टोलमनला तोंड लपवायला शतक मिळालं. तुला मी आठवडाही देत नाही.

सोनल

*

फ्रिस्को, ८ मे

सोनल बाई, जय भीम.

प्रितमने तुझं पत्र मला वाचायला दिलं. माझ्याजवळ ईमेल नाही म्हणून हाताने लिहिते. दीपा पोस्टात टाकणार आहे. ती वाईट नाही. कोणी नसलं की मला आई म्हणते.

तिच्या वडिलांना काही लिहू नको. लिहिशील तर मी त्यांना सांगीन, ती बाई खोटारडी आहे. ते माझंच ऐकतील. दोन वेळ माझ्या हातचं जेवतात.

तू दारात आलीस तेव्हा माझं काय झालं ते तुला नाही सांगत. पोळ्या करपल्या, एवढंच सांगते.

तुला राग येईल पण बोलते. तुझ्याकडे मी आई होते, कबूल. पण काहून गं दर जयंतीला मला स्टेजवर उभी करायचीस? ही माझी आई, आया होती, लोकांचं गू-मूत काढून मला शिकवलं. लोक टाळ्या वाजवायचे. मी खाली बघत उभी. आई, सांगू का, असं एकदा तरी विचारलंस मला? तू मला लोकांना दाखवत होतीस, हा लपवतो. किचनात बसायला स्टूल तरी आहे.

त्या बंगल्यात नेऊन बसवायचीस मला, आणि लोकांना सांगायचीस, बिचारी हेस्टर. तुला काय माहीत बाप्पा, ती बिचारी होती म्हणून? तिचा मुलगा रोज तिच्यासमोर जेवत होता. मी माझ्या लेकराला जेवताना किती वर्षं पाहिलं नव्हतं. त्याने कढी फेकली ते सगळ्यांनी पाहिलं. त्याच्या आधी तो तीन वाट्या प्याला, ते फक्त मी पाहिलं.

तर मी इथेच राहते. त्याला पुढे अजून मोठ्या इलेक्शनला उभं राहायचं आहे. मला न्यायला येऊ नको. आलीस तर मी परत तेच म्हणीन, आणि दुसऱ्यांदा म्हणायची माझ्यात ताकद आहे का नाही, हे मला बघायचं नाही.

आन्याचं तेवढं सांगते. तिला ह्यांनी सांगितलं होतं, हा खेळ आहे, लोकांसमोर मला आजी म्हणायचं नाही. गुणाची पोरगी, एकदाही चुकली नाही. परवा घरात आम्ही दोघीच होतो, बाकी सगळे, दीपाची आईसुद्धा, बाहेर. मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, आन्या, आता कोणी नाही बघ, आता म्हण मला आजी.

ती म्हणाली, आजी फिरायला गेलीय, संध्याकाळी येईल.

तुझी आई,
कांता